एका सैल बोल्टाची गोष्ट

कला शाखेच्या विद्यार्थ्याने डिझेल इंजिनावर लेख लिहायचा, म्हणजे लहान तोंडी मोठा घास आहे, याची मला जाणीव आहे. अंकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी कविता दिल्या. काहींनी संतवाङ्मयावर लिहिले. मलाही एखादी कविता जमते का ते पाहावे असे वाटले होते. परंतु वही उघडून बसलो की डोळ्यांसमोर येई ती आमच्या दारातली जुनी डिझेल जीप, आणि तिच्या चेंबरमधला माझ्या करंगळीच्या पेराएवढा एक बोल्ट. त्या बोल्टाने आमच्या घराला दोन वर्षे पुरेल एवढा धडा दिला. तोच धडा इथे सांगतो. ज्यांच्या घरी जीप, ट्रॅक्टर किंवा पाण्याचे डिझेल इंजिन आहे, अशा विद्यार्थिमित्रांना तरी त्याचा उपयोग होईल.

आमचे गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, चौथीपर्यंत शिकले आणि पुढे गाडीवर क्लीनर म्हणून लागले. क्लीनरचे ड्रायव्हर झाले आणि पुढे पतसंस्थेचे कर्ज काढून त्यांनी एक जुनी चारचाकी ओढीची डिझेल जीप घेतली. आमच्याकडे अशा गाडीला वडाप म्हणतात. सकाळी दुधाचे कॅन आणि शाळकरी पोरे, दुपारी बाजारकरू, रात्रीअपरात्री कोणी आजारी पडले तर तोही त्याच जीपमधून जाई. पावसाळ्यात आमच्या वरच्या वाडीचा रस्ता लाल चिखलाचा होतो. तेव्हा पुढच्या चाकांना ओढ देणारा दांडा टाकल्यावाचून गाडी चढत नाही. थोडक्यात, आमचे घर त्या चार चाकांवर चाले आणि माझे शिक्षणही.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझी बारावीची परीक्षा होती. इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी आण्णा मला केंद्रावर सोडायला निघाले. गाडी फाट्यावर थांबली असता माझे लक्ष समोरच्या पाटीकडे गेले. तेलाचा लाल दिवा लुकलुकत होता. गाडीने वेग घेतला की तो विझे, थांबली की पुन्हा लुकलुके. आण्णांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल वरच्या खुणेपर्यंत भरलेले होते.

"मिस्त्रीला दावून मग जाऊ या का?" त्यांनी विचारले.

माझे चित्त पेपरात होते. मी म्हणालो, "आण्णा, वायर सैल असंल. पेपर चुकंल माझा."

आण्णांनी बॉनेट लावले. मला वेळेवर सोडले. नंतर प्रवासी घेऊन ते कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेले. परतताना घाटाच्या मध्यावर इंजिनातून टणटण असा आवाज येऊ लागला, आणि दोनतीन वळणे होतात न होतात तोच इंजिन जाम झाले. माणसांना काही झाले नाही, ही देवाची कृपा. परंतु क्रँक घासली गेली होती, बेरिंगचे शेल वितळून चिकटले होते आणि एक कनेक्टिंग रॉड वाकला होता. इंजिन उभे करायला पंचावन्न हजार रुपये लागले. जुने कर्ज फिटले नव्हते, त्यावर हे नवे चढले. मी कॉलेजात नाव घालावे की कोणाच्या गाडीवर चढावे, असा विचार त्या उन्हाळ्यात आमच्या घरी बरेच दिवस चालला होता.

इंजिन खोलले तेव्हा मी गॅरेजात होतो. मिस्त्रींनी चेंबर उतरवला आणि हात घालून आतून एक बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो तुटलेला नव्हता. त्याचे आटे शाबूत होते. तो नुसता सैल होऊन पडला होता. सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात तेलगळती थांबवण्यासाठी चेंबर उतरवला होता आणि परत बसवताना आतली तेल ओढणारी नळी ज्या दोन बोल्टांनी आवळतात, ते नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळले होते. त्यातला एक गळून पडला होता आणि दुसरा निम्मा बाहेर आला होता.

आता प्रश्न असा, की चेंबर तेलाने भरलेला असताना इंजिन तेलावाचून कसे मेले?

याचे उत्तर आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला चटकन कळेल. विहीर पाण्याने तुडुंब भरलेली असते, मोटार फिरत असते, तरीही पाटात पाणी येत नाही, असे आपण पुष्कळदा पाहतो. ओढणीच्या पाइपाचा सांधा सैल असतो. पंप पाणी ओढण्याऐवजी वारा ओढतो. इंजिनातही तसेच. चेंबर ही विहीर. तिच्या तळाशी जाळी लावलेली एक नळी असते. तिच्यातून तेलपंप तेल ओढतो आणि दाबाने गाळणीतून क्रँक, कॅम इत्यादी भागांना पोचवतो. नळीचा सांधा सैल झाला की पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो. गाडी घाटात वरखाली झुकली, वळणावर कलंडली, की तेल एका बाजूला जाते आणि सांधा उघडा पडून हवा अधिकच शिरते. पट्टीवर दिसते ते विहिरीतले पाणी. पाटात पाणी येते की नाही, हे पट्टी सांगू शकत नाही. ते सांगतो फक्त तो लाल दिवा.

आणि तेलाचा दाब एवढा महत्त्वाचा का? क्रँक आणि तिचे बेरिंग यांच्यामध्ये जी फट ठेवलेली असते, ती साधारण माणसाच्या केसाच्या जाडीइतकी. त्या फटीत दाबाने तेल भरलेले असते. क्रँक फिरते ती त्या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत. धातूला धातू लागतच नाही. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर तासाभरात १,२०,००० फेरे होतात. तेवढे फेरे न घासता होतात, ते या पापुद्र्यामुळे. पापुद्रा गेला की घर्षणाने शेल तापतात, मऊ धातू वितळतो आणि क्रँकेला चिकटतो. आमच्या मिस्त्रींच्या भाषेत इंजिन 'बसते'. यास काही तास लागत नाहीत. घाटात भार असेल तर काही मिनिटे पुरतात.

हे सारे समजल्यावर मला वाटले, की असा दुर्दैवी प्रसंग आमच्याच वाट्याला आला असेल. परंतु नंतर वाचनात आले, की जगातल्या नावाजलेल्या गाड्यांनाही सैल बोल्टाने असेच रडवले आहे. इंग्लंडच्या लँड रोव्हर कंपनीने १९९८ मध्ये 'टीडी-५' नावाचे पाच सिलिंडरचे, सुमारे अडीच लिटरचे डिझेल इंजिन आणले. ते डिस्कव्हरी आणि डिफेंडर या चारचाकी ओढीच्या गाड्यांत बसवत आणि २००७ पर्यंत ते निघत होते. इंजिन म्हणून ते दणकट मानले जाते. आजही ते असलेल्या गाड्या जगात पुष्कळ फिरतात. परंतु त्याच्या तेलपंपाची रचना अशी, की पंप चेंबरच्या आत इंजिनाच्या तळाशी असतो आणि क्रँकेवरून येणाऱ्या साखळीने तो फिरतो. साखळी ज्या दातेरी चक्रावर चढते, ते चक्र पंपाला एकाच बोल्टाने धरलेले असते. सुरुवातीच्या काळातल्या अनेक इंजिनांत हा बोल्ट हळूहळू सैल होऊन गळून पडल्याचे आढळले. बोल्ट गेला की चक्र निसटते, साखळी नुसती फिरत राहते, पंप थांबतो. पुढचे सांगायला नको. चेंबर भरलेला आणि इंजिन कोरडे!

अशी जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे, ते जाणकार लोक आता काय करतात? बोल्ट सैल होण्याची वाट पाहत नाहीत. तेल बदलण्याची वेळ आली की एकदाच चेंबर उतरवतात, तो बोल्ट मुद्दाम काढतात, बोल्ट आणि भोक या दोन्हींचे आटे तेलाचा अंशही न ठेवता स्वच्छ करतात, आट्यांना पकड देणारे रसायन लावतात आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच आवळतात. अर्ध्या दिवसाचे काम. त्या इंजिनात आणखी एक गंमत आहे. त्यात नेहमीच्या गाळणीखेरीज तेलाच्या दाबाने गरगर फिरणारी दुसरी एक गाळणी असते. इंजिन बंद केल्यावर ती काही क्षण फिरत राहते आणि तिचा बारीक घूं असा आवाज येतो. तो आवाज रोज ऐकायची सवय असलेल्या माणसाला एखाद्या दिवशी तो आला नाही तर लगेच शंका येते. कान हेही एक हत्यारच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आवळलेला बोल्ट सैल होतोच का? हा प्रश्न मी मिस्त्रींना विचारला. ते म्हणाले, "इंजिन हादरतं, म्हणून." उत्तर खरे, पण पुरते नव्हे. आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या सरांना मी भीतभीतच गाठले. कला शाखेचा मुलगा असले काही विचारतो याचे त्यांना हसू येईल असे वाटले होते. परंतु त्यांनी मला तासभर बसवून घेतले. त्यांनी सांगितले ते मी माझ्या शब्दांत मांडतो.

बोल्ट आवळणे म्हणजे बोल्ट ताणणे. आपण पाना फिरवतो तेव्हा बोल्ट एखाद्या कडक स्प्रिंगसारखा किंचित लांब होतो, आणि परत आखडण्याच्या त्याच्या ओढीनेच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. उदाहरणार्थ ८ मिलिमीटर जाडीचा बोल्ट घेऊ. तो २५ न्यूटन मीटर एवढ्या पिळाने आवळला. हा पीळ म्हणजे एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण साडेआठ किलो वजन टांगण्याइतका. एवढ्याशा जोराने बोल्टात सुमारे १५,६०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ सोळाशे किलोंची ओढ निर्माण होते. एक रिकामी जीप त्याला टांगावी एवढी! मात्र त्यासाठी बोल्ट किती ताणला जातो? त्याची ताणली जाणारी लांबी ४० मिलिमीटर धरली तर जेमतेम ०.०८ मिलिमीटर, म्हणजे पुन्हा एका केसाच्या जाडीइतका.

ही गोष्ट मला फार विलक्षण वाटली. सोळाशे किलोंची पकड एका केसावर अवलंबून! बोल्टाच्या माथ्याखाली रंगाचा थर, मातीचा कण किंवा जुन्या गॅस्केटचा तुकडा राहिला आणि तो पुढे चेपून केसभर दबला, तर बोल्ट एक फेराही न उलटता सगळी ओढ नाहीशी होते. बोल्ट जितका आखूड, तितका त्याचा ताण कमी आणि तितका हा धोका अधिक. नळीचे आणि पंपाचे बोल्ट आखूडच असतात.

दुसरी गोष्ट आट्यांची. आटे म्हणजे बोल्टाभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाचा आटा एका फेऱ्यात सव्वा मिलिमीटर चढतो. उलगडून पाहिला तर सुमारे अठरा पावलांना एक पाऊल चढ, म्हणजे आपल्या घाटासारखाच. मग ताणलेला बोल्ट त्या उतारावरून आपोआप खाली का घसरत नाही? हँडब्रेक लावलेली गाडी उतारावर उभी राहते, तशी त्याला घर्षणाने धरलेले असते. परंतु निसरड्या रस्त्यावर उभ्या गाडीला कोणी आडवे ढकलले तर काय होईल? ती आडवी सरकेलच, पण सरकता सरकता थोडी उताराच्या दिशेनेही जाईल. चाके एकदा घसरू लागली की त्यांची पकड चढउतार ओळखत नाही. बोल्टाचेही नेमके असेच होते. धरलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले, की प्रत्येक हिसक्याला बोल्ट आट्यांच्या उतारावरून थोडासा खाली येतो, म्हणजे उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. बोल्टाला उभे हादरे दिले तर तो सहसा इतका सैल होत नाही. आडवे दिले की पाहता पाहता सुटतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की बोल्ट पुरेसा आवळलेला असेल तर भाग सरकतच नाहीत आणि मग बोल्ट सुटतही नाही. सैल होण्याचे पहिले कारण म्हणजे मुळातच कमी आवळणे. दुसरा निष्कर्ष ऐकून आमचे मिस्त्री क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. बोल्टाखाली कापलेला स्प्रिंग वायसर घातला की काम पक्के झाले, अशी आपल्याकडे समजूत आहे. युंकरच्या पद्धतीच्या चाचण्यांत हा वायसर आडव्या हादऱ्यापुढे टिकत नाही. बोल्ट पुरता आवळला की तो चपटा होऊन साध्या वायसरासारखाच उरतो.

डिझेल इंजिनात हादरे अधिक का, तेही सांगितले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने पेट होतो. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबतात, की तिच्या उष्णतेनेच तेल पेटते. वर सांगितलेल्या टीडी-५ मध्ये हवा साडेएकोणीस पटीने दाबली जाते. एवढ्या दाबाचा ठोका सोसायला इंजिन जड आणि भक्कम करावे लागते, पण ठोका तो ठोकाच. त्यात चारचाकी ओढीची गाडी म्हणजे खडी, ओढे आणि चिखल यांतून जाणारी. गाडी जुनी म्हणजे चेंबर कधी ना कधी कोणीतरी उघडलेला असणारच. कारखान्याने आवळलेले बोल्ट वेगळे आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात आवळलेले वेगळे.

तेव्हा उपाय काय? आमच्या अनुभवातून, मिस्त्रींच्या सल्ल्यातून आणि वाचनातून जे पदरी पडले ते क्रमाने देतो.

पहिली गोष्ट लाल दिव्याची. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी तो दिवा लागलाच पाहिजे. न लागल्यास बल्ब गेला आहे किंवा वायर तुटली आहे. आधी ती दुरुस्त करावी. इंजिन सुरू होताच काही क्षणांत तो विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो लागला किंवा नुसता लुकलुकला तरी गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. तेल कमी असेल तर भरावे. तेल भरलेले असूनही दिवा लागत असेल तर इंजिन पुन्हा सुरू करू नये, गाडी ओढून न्यावी. हा दिवा लागतो तेव्हा दाब साधारण अर्ध्या बारच्याही खाली गेलेला असतो. म्हणजे दिवा ही सूचना नव्हे, ती शेवटची हाक आहे. ज्यांना परवडेल त्यांनी तेलदाबाचा काटा बसवून घ्यावा. काटा खाली येऊ लागलेला आधीच दिसतो. दिव्याच्या वायरीची शंका असेल, तर गॅरेजात त्या जागी दाबमापक लावून खरा दाब पाहता येतो. शंका फिटेपर्यंत दिव्यालाच खरे मानावे.

दुसरी गोष्ट चेंबर उघडण्याची. गळतीसाठी म्हणा, गॅस्केटसाठी म्हणा, चेंबर उतरला की आतल्या नळीचे आणि पंपाचे बोल्ट पाहिल्याशिवाय तो परत चढवू नये. त्यांचे आटे आणि माथ्याखालची जागा पुसून कोरडी करावी. ज्या बोल्टांना पाकळी दुमडून अडवणारा वायसर असतो, तिथे दरवेळी नवा घालावा. दुमडलेली पाकळी उलगडून पुन्हा दुमडली की ती तुटते आणि तिचा तुकडा चेंबरमध्येच पडतो.

तिसरी गोष्ट आट्यांच्या रसायनाची. अमेरिकेतल्या हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजात व्हर्नन क्रीबल नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९५३ मध्ये हे रसायन शोधले आणि पुढे ते 'लॉकटाइट' या नावाने जगभर गेले. याची खुबी अशी, की हवेत ते पातळच राहते. आट्यांच्या फटीत हवा मिळेनाशी झाली आणि धातूचा स्पर्श झाला की ते घट्ट होते. निळे मध्यम पकडीचे असते, पान्याने सुटते. लाल अधिक पकडीचे, ते सोडवायला बोल्ट तापवावा लागतो. कुठल्या जागी कोणते, हे पुस्तकात पाहूनच ठरवावे. मात्र तेलकट आट्यांवर ते नीट धरत नाही आणि घट्ट होण्यास त्याला वेळ द्यावा लागतो. बोल्ट लावला आणि लगेच इंजिन सुरू केले, असे करू नये.

चौथी गोष्ट मापाने आवळण्याची. आवळण्याचा जो जोर आपण लावतो, त्याचा साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणण्यात जातो. उरलेला माथ्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्ची पडतो. म्हणून हाताचा अंदाज फसतो. गंजलेला बोल्ट हाताला घट्ट लागतो पण ताणलेला नसतो. तेल लागलेला बोल्ट त्याच जोराने जास्त ताणला जाऊन आटे सोडतो. टॉर्कचा पाना महाग असतो खरा, परंतु इंजिनाहून स्वस्त असतो. आमच्या गावातल्या तीन जीपवाल्यांनी मिळून एक घेतला आहे.

पाचवी गोष्ट फुकटची आहे. बोल्ट मापाने आवळून झाला की त्याच्या माथ्यावरून शेजारच्या भागावर रंगाची एक सरळ रेघ ओढावी. बोल्ट फिरला तर रेघ मोडलेली दिसते. बाहेरच्या बोल्टांसाठी याहून सोपी तपासणी नाही. इंजिनाचे पाय, फॅनचे बोल्ट, आणि विशेषतः क्रँकेच्या टोकाचा मोठा पुलीचा बोल्ट अशा रेघेने सहज राखता येतो. पुलीचा बोल्ट सैल झाला तर क्रँकेतली चावी आणि तिचा गाळा ठोके खाऊन रुंदावतो. पुली डुलू लागते, पट्टा चिरकतो. काही इंजिनांत तोच बोल्ट टायमिंगचे चक्रही धरून असतो. ते हलले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बंद पडताना किंवा संथ चालताना पुढून खडखड ऐकू आली, तर आधी तिकडे पाहावे.

सहावी गोष्ट, तेल बदलताना निघालेले तेल पांढऱ्या फडक्यावर पाहावे. चकाकणारी पूड दिसली तर बेरिंग झिजू लागले आहेत असे समजावे. आणि शेवटची पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीही विश्वास ठेवू नये. भक्कम ओंडके किंवा स्टँड लावावेत. बोल्ट गेला तर इंजिन जाते. जॅक सुटला तर माणूस जातो.

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल, की हे सगळे पुस्तकात छापलेले असतेच. खरे आहे. आमच्या मिस्त्रींच्या कपाटात आमच्या इंजिनाचे इंग्रजी पुस्तक गेली अनेक वर्षे होते. पाने तेलाने पारदर्शक झाली होती, ती चित्रे पाहून पाहून. मजकूर कोणी वाचलाच नव्हता, कारण वाचता येत नव्हता. त्या उन्हाळ्यात मी शब्दकोश शेजारी ठेवून त्यातला आवळण्याच्या मापांचा तक्ता मराठीत उतरवून काढला आणि पुठ्ठ्यावर चिकटवून गॅरेजच्या भिंतीला लावला. नळीच्या बोल्टांचे मापही त्यात होते. ते वाचताना मला काय वाटले ते इथे लिहीत नाही. ज्या इंग्रजीच्या पेपरासाठी मी गाडी थांबू दिली नाही, त्याच इंग्रजीत तो इशारा इतकी वर्षे कपाटात पडून होता. बैल गेला आणि झोपा केला, तो असा.

तो तक्ता लावल्याच्या दुसऱ्या दिवशी आण्णा म्हणाले, "कॉलेजात नाव घाल." एवढेच.

लाल दिव्याची गोष्ट मात्र आम्ही दोघांनीही कधी काढली नव्हती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गाडीखाली रेघा तपासताना मीच एकदा बोललो, "आण्णा, त्या दिवशी मी थांबू दिलं असतं तर..." ते टायरला टेकून बसले होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिवा माझ्या म्होरं हुता, तुझ्या न्हवं. ड्रायव्हर मी हुतो." आणि कंदील जरा जवळ सरकवून म्हणाले, "बघ, रेघ जुळतीया का."

रेघ जुळत होती.

(द्वितीय वर्ष, कला)